बायकांनी म्युझियमात कशाला जायचं?

(भिवंडी येथे वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण रेशनकार्डांवर बोललो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो, बचत गटांच्या थकलेल्या कर्जावर तर जरा जास्तच बोललो. आणि आता फळ्यावर लिहिलंय, 'संग्रहालयाची सहल : आखणी'. ते वाचून मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मला इथवर ऐकू आलं. हसा की! आमच्या वस्तीत पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा एकीनं सरळ विचारलं होतं, "तिथं काय वाटतात?" साड्या वाटतात, भांडी वाटतात, की नुसतेच फॉर्म भरून घेतात? तिचं बरोबरच होतं. आपण बायका घोळक्यानं कुठं जातो, तर काही मागायला जातो, नाहीतर मिळवायला.

तर आधीच सांगून टाकते, तिथं काही वाटत नाहीत. उलट तिकीट काढावं लागतं, दिवसाचा खाडा होतो, आणि पाय दुखतात. एवढं असूनही जायचं, असं मी का म्हणते आणि जायचं तर कसं जायचं, एवढ्याच दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत.

आम्ही एकदा बैठकीत एक खेळ खेळलो. गेल्या वर्षभरात तुम्ही भिवंडीबाहेर कधी आणि कशासाठी गेलात, ते प्रत्येकीनं सांगायचं. दवाखाना आला, माहेरचं लग्न आलं, मयत आली. कोणी ठाण्याच्या कोर्टात तारखेला गेलेली, कोणी मुलाच्या ॲडमिशनला. कोणी हाजी मलंगला, कोणी वज्रेश्वरीला गेलेली. मोर्चाला गेलेल्या तर पुष्कळ होत्या. मग विचारलं, यातलं काम नसताना, नवस नसताना, कुणाची पिशवी हातात नसताना कितीजणी गेल्या? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक चाळिशीची बाई म्हणाली, "ताई, काम नसताना बाहेर गेलं तर कुठं गेले होते म्हणून काय सांगायचं?"

हा प्रश्न पुरुषांना पडत नाही. आपल्या कुठल्याही नाक्यावर बघा. माग बंद पडला, लाइट गेली, की हे चहाच्या टपरीवर उभे. कोणी विचारत नाही, इथं का उभा आहेस. बाई पाच मिनिटं उभी राहिली की तिच्या हातात निदान भाजीची पिशवी तरी लागते. पिशवी म्हणजे आपला परवाना. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या हिंडण्याफिरण्याचा अभ्यास करून २०११ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहर सुरक्षित करा एवढंच मागून भागत नाही, बायकांना शहरात विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा. मुंबईतल्या बायकांची जर ही स्थिती, तर आपल्या गल्ल्यांमधल्या बायकांची काय असणार, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता यावर आपल्याच चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्तीनं मला सुनावलं होतं. म्हणाली, "बायकांना कांड्या भरून हातात काय पडतं ते तुला माहीत आहे, आणि तू त्यांना चित्रं दाखवायला नेतेस? हे मध्यमवर्गीय लाड आहेत." तिच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. गरीब बाईनं फक्त गरिबीबद्दलच बोलायचं, आणि मार खाणाऱ्या बाईनं फक्त माराबद्दल, हा कुठला न्याय? भाकरीसाठी तर भांडायचंच आहे. पण डोळे काय फक्त सुईत दोरा ओवायलाच दिलेत?

आणि ही म्युझियमं आहेत कोणाची? थोडा इतिहास सांगते, मला यात मजा वाटते म्हणून. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका, मासळीवाल्या, भाजीवाल्या, पाव महाग झाला म्हणून पावसात भिजत व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. हजारोंनी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी राजाला, राणीला पॅरिसला घेऊनच परत आल्या. पुढं राजेशाही गेली, आणि १७९३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधला लूव्र नावाचा राजवाडा लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडला. राजाची चित्रं सगळ्यांची झाली. आज जगातलं सगळ्यात नावाजलेलं म्युझियम म्हणतात ते हेच. त्याच्या मुळाशी रेशनचा मोर्चा आहे, हे मात्र तिथल्या तिकिटावर छापत नाहीत!

दुसरी गोष्ट लंडनची, १९१४ सालची. मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांना अटक झाली. त्याच्या निषेधात मेरी रिचर्डसन नावाच्या कार्यकर्तीनं १० मार्चला तिथल्या नॅशनल गॅलरीत जाऊन एका नग्न व्हीनसच्या प्रसिद्ध चित्रावर कोयत्यासारख्या हत्यारानं वार केले. चित्र फाडावं की नाही, यावर आपण तासभर वाद घालू शकू. माझं मत विचाराल तर फाडू नये. पण त्यानंतर काय झालं ते ऐका. ब्रिटिश म्युझियमनं नियम केला, की बाईला आत यायचं असेल तर तिच्या वागणुकीची हमी घेणाऱ्या माणसाची चिठ्ठी हवी. एका बाईनं केलं, आणि सगळ्या बायकांकडं चिठ्ठी मागितली! आपल्या घरी वेगळं काय होतं? कुणाची तरी मुलगी पळून जाते, आणि गल्लीतल्या सगळ्या मुलींचे क्लास बंद होतात.

तर चिठ्ठी. म्हणजे घरची परवानगी. आपल्या आखणीतलं हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून लोकलच्या वेळापत्रकाआधी ते घेते. आमच्याकडं पहिल्या सहलीच्या वेळी यावर दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणाल्या, घरी सांगायचं की संस्थेचं ट्रेनिंग आहे, नाहीतर सरकारी दवाखान्यात तपासणीला नेतायत. दवाखाना म्हटलं की कोणी अडवत नाही. मी याच्या विरुद्ध होते, आजही आहे. खोटं सांगून गेलेली बाई दिवसभर धास्तीत असते, चित्र बघत नाही, मोबाइल बघत असते. आणि हे उघडकीला आलं की पुढच्या वेळी ती खरंच दवाखान्यात निघाली तरी तिला अडवतील. पण म्हणून सगळ्यांनी घरी छातीठोकपणे सांगा, असंही मी म्हणणार नाही. आमच्यात एक अशी होती, जिला सांगितलं असतं तरी मार होता आणि न सांगता गेली असती तरी होता. ती आली नाही. तिचा निर्णय तिनं घेतला. आम्ही तिला घाबरट म्हटलं नाही, आणि तुमच्या गटातही कोणी म्हणू नये. पुढच्या महिन्यात आम्ही दोघीतिघी तिच्या सासूला भेटलो, सहलीचे फोटो दाखवले. सासू फोटो बघता बघता म्हणाली, मला का नाही नेलं? दुसऱ्या वेळी दोघी आल्या. हे दर वेळी होत नाही. पण सासूला विसरू नका, एवढं सांगते. सासू पण बाईच आहे, तिलाही कोणी कधी कुठं नेलेलं नसतं.

दुसरी अडचण खाड्याची. नगावर काम करणाऱ्या बाईला सुट्टी म्हणजे पैशाला चाट. गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते तिचा रोज बुडतो. यावर उपाय म्हणून आम्ही गटात दर महिन्याला प्रत्येकी वीस रुपये वेगळे ठेवतो. कर्जात धरायचे नाहीत, लग्नाला द्यायचे नाहीत, ते फक्त हिंडण्यासाठी. वर्षाला एकीचे दोनशे चाळीस होतात. त्यात भाडं आणि तिकीट निघतं. बुडालेला रोज निघत नाही, ते खोटं कशाला सांगू. म्हणून वार नीट निवडायचा. आपल्याकडं ज्या मोहल्ल्यांत शुक्रवारी माग बंद असतात, तिथल्या बायकांना शुक्रवार बरा. आणि मुंबईची म्युझियमंही शुक्रवारी उघडी असतात. राणीच्या बागेतलं बुधवारी बंद, आधुनिक चित्रांचं सरकारी दालन सोमवारी बंद, आणि फोर्टातलं मोठं म्युझियम वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडं. रविवारी मात्र जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही.

आता कुठं जायचं? प्रत्येक बैठकीत कोणीतरी उत्साहानं म्हणतं, "एका दिवसात सगळी करू." अजिबात नको. अष्टविनायक नव्हे हे. जरा हिशोब करा. भिवंडीला रेल्वे स्टेशन आहे, पण ते दिवा-वसईच्या मार्गावर. मुंबईला जायचं तर आधी शेअर रिक्षानं कल्याण गाठा, नाहीतर बसनं ठाणं. ठाण्याच्या रस्त्यावर अंजूर फाट्याला आणि काशेळीला ट्रॅफिकनं तासभर खाल्ला तर नवल नाही, म्हणून मी कल्याण म्हणते. सकाळच्या गर्दीत पोरं घेऊन लेडीज डब्यात चढणं हे जीवावरचं काम, तेव्हा गाडी दहाच्या सुमाराची धरा. पोचेपर्यंत साडेअकरा-बारा. परतताना संध्याकाळच्या गर्दीच्या आत, चारच्या आधी गाडीत बसलं पाहिजे. मधे राहिले किती? साडेतीन तास. त्यात जेवण, बाथरूम, पोरांचं रडणं. एका दिवसाला एकच म्युझियम, आणि त्यातही दोनच दालनं. बाकीची पुढच्या वेळी. पुढची वेळ येणार आहे, हे धरून चालायला शिकू या आपण. आयुष्यात एकदाच मिळणार म्हणून सगळं घाईघाईनं उरकायचं, ही आपली सवय आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भायखळ्याला जावं. स्टेशनपासून चालत जाता येतं, तिकीट स्वस्त, आणि शेजारी राणीची बाग. मुलं कंटाळली की दोघींनी त्यांना घेऊन जनावरं बघायला जायचं, मग पाळी बदलायची. हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ साली उघडलं. तेव्हा नाव राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं होतं. १९७५ साली ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं दिलं. भाऊ दाजी म्हणजे मुलींच्या शाळांसाठी खटपट करणारे त्या काळातले डॉक्टर, तेव्हा नाव आपल्या दृष्टीनं चांगलं आहे. इमारत पडझडीला आली होती, ती २००३ ते २००८ अशी पाच वर्षं खपून पुन्हा पहिल्यासारखी केली. दुरुस्तीसाठी ते मधे मधे बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं.

आत गेल्यावर मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या बघा. जुन्या मुंबईतले निरनिराळे धंदे करणारे लोक, त्यांचे पोशाख, त्यांच्या पगड्या, हे सगळं वीतभर मूर्तींमध्ये केलंय. आमच्या बायका तिथून हलेनात. एक म्हणाली, "ही तर माझी आजी." मला मात्र त्यात थोडं टोचतं. साहेबानं ही माणसं जातीधंद्याप्रमाणं लावून काचेत ठेवली, जशी शेजारच्या बागेत जनावरं ठेवतात. नाव कोणाचंच नाही. पण माझी ही टोचणी मी आधी बोलून दाखवली नाही. आधी त्यांना बघू दिलं, आणि परत येताना गाडीत विषय काढला. हे गटप्रमुखांसाठी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला भाषण द्यायची फार घाई असते. बाई काचेला नाक लावून उभी असताना तिच्या कानात पुरुषप्रधानता सांगू नका.

दुसरी सहल फोर्टातल्या मोठ्या म्युझियमची. जुन्या बायका अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. १९९८ पासून त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली पायाभरणी झाली, महायुद्धात इमारतीत जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं, म्हणून लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं. सीएसएमटीला उतरून बस घ्यायची. इथलं तिकीट आपल्या हिशोबानं भारी आहे. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा, सवलत मागा आणि माहिती सांगायला माणूस मागा. मागायला लाजू नका, मागण्यात तर आपण तयार आहोत. पिशव्या दाराशी ठेवाव्या लागतात, तेव्हा दागिना किंवा औषधाची गोळी पिशवीत ठेवू नका. आणि पाणी प्या. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, का ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत २०११ पासून बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चाललीय ती उगाच नाही. म्युझियममध्ये मात्र बाथरूम असतं. आत शिरल्याबरोबर आधी ते कुठं आहे ते बघा, देव नंतर.

इथं देव पुष्कळ आहेत, दोन हजार वर्षांतले. पण माझं म्हणणं, भिवंडीच्या बायकांनी आधी कापडाच्या दालनात जावं. का ते सांगते. आमच्यातली एक बाई लहानपणापासून कांड्या भरणारी. एका जुन्या जरीच्या कापडापुढं ती मान वाकडी करकरून बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "उलटी बाजू." कापडाची खरी परीक्षा उलट्या बाजूनं होते ना! तिच्या शेजारी पद्मानगरची तेलुगू बाई होती, तिचा सासरा हातमागावर बसायचा. दोघी मग एकमेकींना सांगायला लागल्या, ताणा असा, बाणा तसा, अशा साडीला किती कांड्या लागल्या असतील. एक बोलत होती तिच्या हिंदीत, दुसरी तिच्या. माहिती सांगणारा माणूस गप्प राहून ऐकत होता. १९७० आणि १९८४ च्या दंगली या गावानं पाहिल्यात. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली, दोघांच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या एकाच जातीचं काम केलंय, आणि एकमेकींच्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. म्हणून सहलीच्या जोड्या लावताना एका गल्लीतल्या दोघी एकत्र लावू नका. एक वाचता येणारी, एक न येणारी, आणि दोघी वेगळ्या मोहल्ल्यातल्या, अशी जोडी करा.

आणि पाटी वाचा. काचेखाली छोटी पाटी असते. कापड कोणतं, गाव कोणतं, शतक कोणतं, आणि बहुतेक ठिकाणी खाली देणगी देणाऱ्याचं नाव. विणणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. आणि कांड्या भरून देणारीचं तर कुठंच नसतं, तिचं काम कोणी काम म्हणून धरलंच नाही. हातमागावर एक माणूस बसतो, पण त्याला सूत तयार करून देणारी बायको, आई, मुलगी मिळून दोनतीन बायका राबत असतात. मजुरी कुटुंबाला एकच मिळते. हे आपण मजुरीच्या शिबिरात आकडे मांडून शिकवतो. काचेपुढं उभं राहून ते आकड्यांशिवाय कळतं.

वरच्या मजल्यावर जुनी लहान लहान चित्रं आहेत, राजस्थानी, पहाडी, मुघल. त्यांत बायकाच बायका. नटणाऱ्या, न्हाणाऱ्या, सख्याची वाट बघणाऱ्या. रंग असे, की चष्मा काढून पुसून परत बघावं. पण ही वाट बघणारी बाई काढली कोणी? बहुतेक पुरुषांनीच, पुरुषांसाठी. मुघल दरबारातल्या चित्रकर्त्या म्हणून सहिफा बानू, नादिरा बानू अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं राहिलीत. ती नावं आमच्या मोमीन मैत्रिणींनी वहीत लिहून घेतली. अमेरिकेत 'गरिला गर्ल्स' म्हणून चित्रकार बायकांचा एक गट आहे. गोरिलाचे मुखवटे घालून हिंडतात, नावं सांगत नाहीत. १९८९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये जाऊन सरळ मोजदाद केली. आधुनिक कलेच्या विभागात चित्रकार बायका शंभरात पाचसुद्धा नाहीत, आणि नग्न चित्रं मोजली तर शंभरात पंच्याऐंशी बायकांची. त्याचं पोस्टर करून लावलं. ही मोजदाद आपणही करू शकतो. त्याला इंग्रजी लागत नाही, वही-पेन्सिल लागते.

आपल्या जवळचं उदाहरण वारली चित्रांचं. आज पंचतारांकित हॉटेलपासून पर्सपर्यंत ती सगळीकडं दिसतात. पण मुळात ती कोणाची? लग्नघरी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा तो सवाष्णींनी. मधे पालघट देवी. लग्न झालं की काम संपलं, सही नाही, विक्री नाही. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला गेले, बायकांची ही कला त्यांनी बाहेर आणली. मग भिंतीवरचं कागदावर आलं, बाजार आला, आणि बघता बघता काडी पुरुषांच्या हातात गेली. जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. ते थोर कलावंत होते, २०१८ साली गेले, त्यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. पण ज्या बायांच्या हातून ही चित्रं पिढ्यान् पिढ्या उतरली त्यांतल्या एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? हा सगळा मुलूख २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आपल्या तालुक्यातल्या पाड्यांवरही वारली मैत्रिणी आहेत. त्यांना या सहलीला बोलवा, पाहुण्या म्हणून नव्हे, माहिती सांगायला.

फोर्टातल्या त्या म्युझियमसमोर आधुनिक चित्रांचं सरकारी दालन आहे. १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६ साली सुरू झालं. या हॉलमध्ये पूर्वी राजकीय सभा व्हायच्या, गाणी व्हायची. आणि जवळच १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, तिथं प्रवेश फुकट. तिथलं प्रदर्शन दर काही दिवसांनी बदलतं, तेव्हा काय दिसेल ते नशिबावर. पण बायकांची चार नावं लक्षात ठेवा, कुठं भेटली तर थांबा. अमृता शेरगिल, अठ्ठाविसाव्या वर्षी १९४१ मध्ये गेली, तिची बरीचशी चित्रं दिल्लीला आहेत. अंबिका धुरंधर, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी. बी. प्रभा, कोळणींची, कष्टकरी बायकांची उंच उंच चित्रं काढणाऱ्या. आणि नसरीन मोहमदी, १९९० साली गेल्या. त्यांच्या कागदावर माणूस नाही, झाड नाही, नुसत्या बारीक सरळ रेघा. शिकलेले लोक त्यापुढं डोकं खाजवतात. मी छापलेलं एक चित्र आमच्या बैठकीत फिरवलं, तर कांड्या भरणाऱ्या बाया म्हणाल्या, "हा तर ताणा आहे." यावर मोठमोठ्या समीक्षकांनी आणखी काय सांगायचं?

एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे तुम्ही तयारीनं जाल. एका ठिकाणी दारावरच्या माणसानं आमच्यातल्या बुरखेवाल्या तिघींना बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा पिशव्या तपासल्या, आणि बाकीच्यांना नुसता हात केला. एका आजींना "इथं बसू नका" म्हणून बाकावरून उठवलं. बाक बसायलाच असतो. अशा वेळी आवाज चढवायच्या आधी सगळ्यांनी मिळून तिथंच उभं राहायचं, एकीला सोडून आत जायचं नाही. आम्ही म्हटलं, तपासायचं तर आम्हा सगळ्यांचं तपासा. एकवीस पिशव्या तपासून तो माणूसच दमला. बाहेर पडताना अभिप्रायाची वही मागून घेतली, आणि आजींनी सांगितलं तसं त्यात लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा उठवायला शाई मागितली. शाई काही मिळाली नाही. मग बॉलपेन अंगठ्यावर घासून ठसे उमटवले.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दलही थोडं बोलायचं होतं. दिनकर केळकरांनी आपल्या वारलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते केलं आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकलं. तिथं दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकघरातल्या वस्तू आहेत, म्हणजे बायकांच्या हातातलं सगळं. पण पुण्याला एका दिवसात जाऊन येणं म्हणजे पहाटे निघणं आलं, आणि मुक्कामाचा प्रश्न आला की घरची परवानगी दुप्पट अवघड. ते पुढच्या वर्षावर ठेवू.

आता आखणीचं बोलू. पहिली सहल भायखळ्याची, शुक्रवारची. कोणता शुक्रवार ते शांतीनगर, कामतघर आणि पद्मानगरच्या गटांनी आपसात ठरवायचं. मधे शाळेची परीक्षा किंवा कुणाचा सण येत नाही ना ते बघा. एका गटात पंचवीसच्या वर बायका नकोत, सांभाळता येत नाही. कल्याणला पुलाखाली कोण कोणाची वाट बघणार, मुलांच्या खिशात फोननंबरची चिठ्ठी कोण घालणार, डबे कुठं खाता येतील ते फोन करून कोण विचारणार, हे आजच वाटून घेऊ. नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं द्या, सोबत मुलं किती तेही लिहा. आणि सासूला आणणार असाल तर सासूचंही नाव लिहा, नुसतं 'सासू' नको.